हंबरड्याची तालीम

रडायचं कसं, हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मी अभिनयाचा वर्ग घेते. येणारी मुलं हुशार असतात. स्वतःला मोबाइलवर शूट करतात, दहा वेळा बघतात, मला दाखवतात आणि विचारतात, "मॅडम, ऑडिशनला रडायचा सीन आहे. ग्लिसरीन लावू की मनातून आणू?" मला ते नीट येत नाही, असं मी खरं सांगितलं तर त्यांना वाटतं, बाई आपली विद्या लपवून ठेवतायत. मी काही लपवत नाही. रंगभूमीवर एवढी वर्षं काढली, सासवा केल्या, आज्या केल्या, मालिकांमध्ये दोनदा मेलेसुद्धा, पण रडायच्या प्रसंगाच्या आदल्या दिवशी आजही मला जेवण जात नाही. त्याचं कारण सांगायचं तर लालबागच्या आमच्या खोलीपर्यंत मागे जावं लागतं, आणि तेवढा वेळ वर्गात कधीच नसतो. म्हणून इथे लिहिते.

खोली एकच, आणि तिच्यात आम्ही तिघं आणि आईची खानावळ. बाबा मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. त्यांच्याच खात्यातली, बायकामुलं गावी कोकणात ठेवून मुंबईत एकटी राहणारी माणसं आमच्याकडे जेवायला यायची. पाळी सुटली की जिन्यात चपलांचा आवाज, मग गॅलरीत हात धुण्याचा, मग भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसांचा भुरके मारण्याचा. आई पाट्यावर वाटण वाटायला बसली की पलीकडच्या खोलीतल्या घरत काकू न बघता, वासावरूनच सांगायच्या, "आज बांगडा ना गं? तिरफळं पडली." उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी, सणाला घावणे. सगळ्या मजल्यावर स्टो एकाच वेळी पेटायचे, आणि त्यांची ती एकसारखी घरघर दुपारपासून सुरू व्हायची. आमची दारं दिवसा कधीच बंद नसत. बंद दार म्हणजे एक तर आत कोणी आंघोळ करतंय, नाहीतर काहीतरी वाईट झालंय, असं चाळीत सगळे धरून चालायचे.

आमच्या चाळीचं मंडळ दर वर्षी नाटक बसवायचं. पुरुष सगळे चाळीतलेच, पण बायकांच्या कामासाठी नटी बाहेरून आणायची रीत होती. आपल्या मुलीला रंग लावून उभी करायला कोणाचे आईबाप तयार नसत. त्या वर्षी बाबांनी आपणहून माझं नाव सुचवलं. गावी दशावतारात त्यांनी लहानपणी काही वर्षं गदा धरली होती, तो किडा त्यांच्या अंगात शिल्लक होता. आई म्हणाली, "लोक काय म्हणतले?" बाबा म्हणाले, "बरा केल्यान तर बरा म्हणतले." मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरीच बसले होते. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी खानावळीचा भात करपवला. नाटकात मी एका मिल कामगाराची बायको होते. तिसऱ्या अंकात तिला नवरा गेल्याची बातमी येते आणि ती हंबरडा फोडते. नाटक त्या हंबरड्यावरच उभं होतं.

आमचे दिग्दर्शक वैद्य सर गिरगावातून यायचे. ऑफिस सुटलं की बसने लालबाग, तालीम, परत बस. व्यायामशाळेत मल्लखांब बाजूला सारून तालमी चालत. सर कडक होते, पण ओरडत नसत, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. माझं पहिल्या दोन अंकांतलं काम ठीक होत होतं. तिसरा अंक आला की घसा बंद. तोंड उघडायचं, आणि आतून मांजरीच्या पिल्लासारखा आवाज यायचा. समोर बसलेली चाळीतली पोरं हसायची. सर म्हणायचे, "शोभा, घशातून नको, बेंबीपासून काढ." बेंबीपासून काय काढायचं ते मला कळत नसे. एक दिवस तालीम संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, "हे बघ, शनिवारपर्यंत आवाज निघाला तर ठीक. नाहीतर बाहेरून बाई आणावी लागेल. रविवारी प्रयोग आहे, माझा नाइलाज आहे." मी घरी येऊन गोधडीत तोंड खुपसून रडले. तेव्हाही आवाज काही निघाला नाही.

याच दिवसांत बाबा आजारी पडले. छातीत पाणी झालं म्हणून त्यांना परळच्या इस्पितळात ठेवलं होतं. पाणी काढलं तरी पुन्हा भरत होतं. ऑपरेशन करावं लागेल, सोमवारी करू, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आई फार बोलेनाशी झाली. खानावळ मात्र तिने एक दिवसही बंद ठेवली नाही. दुपारी ती पेजेचा डबा घेऊन चालत परळला जायची, तासभर बसायची आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत यायची. ती येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. तिच्या पायांच्या आवाजावरून मी आजची बातमी ओळखायचा प्रयत्न करायचे.

त्या गुरुवारी आई डबा घेऊन गेली आणि खोलीत मी एकटी राहिले. बाहेर सगळ्यांचे स्टो पेटले होते. मनात आलं, या घरघरीत माझा आवाज कोणाला ऐकू जाणार? मी दार लावलं, कडी घातली, खिडकीही ओढून घेतली. जमिनीवर बसले आणि प्रयत्न केला. काही नाही. पुन्हा केला. काही नाही. शनिवार दोन दिवसांवर, बाहेरची बाई माझं लुगडं नेसून उभी राहणार, बाबा इस्पितळात पडून विचारणार, "काय गो, कसा झाला?" आणि मी काय सांगणार? मी डोळे मिटले आणि स्वतःला बाबांच्या वॉर्डात नेलं. त्यांची खाट दिसली. रिकामी, गादी गुंडाळलेली. आणि आवाज निघाला. कुठून निघाला देव जाणे, पण असा निघाला की माझ्याच अंगावर काटा आला. मी घाबरले, आणि लगेच आनंदाने वेडी झाले. जमलं. पुन्हा जमतं का म्हणून मी पुन्हा तेच केलं. पुन्हा निघाला. मग तिसऱ्यांदा, आता वाक्यांसकट, छाती बडवून.

नंतर मी तांब्याभर पाणी प्यायले आणि वेणी घालायला बसले. बाहेरचे स्टो एकेक करून बंद होत होते. मला वाटलं, आज सगळ्यांचा स्वयंपाक लवकर आटोपला. आमच्याकडे मजल्यावर कोणी गेलं की शेजारच्या चुली विझवतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ते आपल्यासाठी चाललंय, असं माणसाच्या मनात येईल तरी कसं? अर्धी वेणी हातात धरून मी कडी काढली.

गॅलरी माणसांनी भरली होती. काही पुरुषांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या होत्या, चपला जिन्यापाशी काढून ठेवलेल्या. पुढे उभ्या घरत काकूंचे डोळे लाल झाले होते. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, धीर धर."

बाबा गेले, आणि ही माणसं मला सांगायला आलीत, एवढंच मला कळलं. मी विचारलं, "कधी?" काकू म्हणाल्या, "देवाची मर्जी, बाळा." चूक कोणाचीच नव्हती. बाप इस्पितळात, दार दिवसाढवळ्या बंद आणि आत मुलीचा हंबरडा. एवढ्यावर कोणीही तेच समजलं असतं. कोपऱ्यावरच्या दुकानात इस्पितळाचा फोन आला असेल, कोणीतरी तो घेतला असेल, कोणीतरी शोभाला येऊन सांगितलं असेल, असं प्रत्येकाने धरलं होतं. फोन कोणी घेतला, हे कोणी कोणाला विचारलं नाही. अशा वेळी ते विचारत नाहीत. आणि माझा चेहरा बघितल्यावर तर शंकेला जागाच उरली नाही. नाक्यावरचा बोर्ड लिहिणारे तातू राणे खाली जाऊन खडूने लिहूनही आले होते: आपल्या चाळीतील श्री. सदानंद परब यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन, अंत्ययात्रेची वेळ मागाहून कळवण्यात येईल.

मी हंबरडा फोडला नाही. मघाशी तीनदा निघालेला आवाज कुठे गेला, कळलं नाही. मी आत गेले आणि राहिलेली अर्धी वेणी घातली. रिबीन सापडेना तर ती शोधत बसले. काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना वाटलं असावं की पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग जिन्यावर आईची पावलं वाजली. तिने खाली बोर्ड वाचला होता. तिला वाचायला वेळ लागत असे, अक्षर अक्षर जुळवून वाचायची ती. इस्पितळातून निघताना नवऱ्याला पेज भरवून आली होती, आणि दोन चौक चालून येईपर्यंत त्याचं नाव बोर्डावर. लोक बाजूला झाले. आईने कोणाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ती सरळ मोरीत गेली, उकिडवी बसली, डबा उघडला, तळाची पेज ओतून दिली आणि राख घेऊन नारळाच्या शेंडीने डबा घासायला लागली. एक पुडा झाला, दुसरा घेतला. झाकण घेतलं, त्याच्या कडेत बोट फिरवलं. काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी, ऱ्हाऊ दे गं ते." आई म्हणाली, "ऱ्हवलो तर डबो आंबतलो."

मी भिंतीशी उभी होते. बाप गेला आहे, असं मानून उभी होते. आणि त्याच वेळी माझ्या आत कोणीतरी दुसरं उभं होतं, जे आईची बोटं बघत होतं. ती किती जोरात घासते, राख कुठे सांडते, पदर कसा भिजतोय, सगळं. मला स्वतःची भयंकर भीती वाटली. आपण माणूस आहोत की कोण, असं वाटलं. आज वर्गातली एखादी मुलगी माझ्याकडे येऊन, आजोबांच्या मयताला मी लोकांचे चेहरेच बघत होते मॅडम, मी वाईट आहे का, असं रडवेल्या तोंडाने विचारते, तेव्हा मी तिला चहा पाजते. नट होणाऱ्याला हा दुसरा माणूस आयुष्यभर सोबत बाळगावा लागतो आणि त्याची सवय कधीच होत नाही, असं सांगते. तिला त्याने बरं वाटत नाही. मलाही वाटलं नसतं.

तेवढ्यात बाबी मामा जिना चढून आला. हा बाबांचा मित्र, आमच्याकडेच जेवायचा, आणि आई निघाल्यावर बाबांजवळ थांबला होता. तो पाठच्या गल्लीतून आल्यामुळे बोर्ड त्याने पाहिला नव्हता. "काय झाला? कोण गेला?" त्याने विचारलं. एकाने बाबांचं नाव घेतलं. बाबी मामा म्हणाला, "सदा? सदा आत्ता माझ्याकडे बिडी मागत होतो. मी नाय दिलंय तर माका गाळी घातल्यान."

मग कोणीतरी हसलं, काकूंनी कपाळावर हात मारून घेतला, आणि तातू राणे धोतर सावरत बोर्ड पुसायला खाली धावले. आईने मात्र हातातलं झाकण पुरतं घासलं, विसळलं, पालथं घातलं. मग उंबऱ्यापाशी येऊन बसली आणि थरथर कापायला लागली. काकूंनी तिला गूळपाणी दिलं. पेला तिच्या दातांवर वाजत होता.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाटकाचं सांगितलं.

त्या रात्री खानावळीच्या आमटीला मीठ नव्हतं आणि एकाही माणसाने ते मागितलं नाही. सगळे उठून गेल्यावर आई म्हणाली, "नाटक बंद." दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर इस्पितळात गेले, तर बाबांना बाबी मामाने आधीच सगळं सांगितलेलं. ते हसून हसून खोकले, इतके की नर्स धावत आली. मग धाप लागलेल्या आवाजात मला विचारलं, "तातून अक्षर कसा काढलेल्यान? बरा काढल्यान मा?" आई म्हणाली, "हसतास काय? सोमवारी तुमका कापतले, आणि ह्या थंय नवरो मेलो म्हणान रडतला. माझ्या घरात तो आवाज परत येवचो नाय." बाबांचं हसू थांबलं. मग ते हळू म्हणाले, "मग रडल्याशिवाय कर म्हण हिका. पण करूक दी." आईने पदराने त्यांचं तोंड पुसलं. होय म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

शनिवारी मी वैद्य सरांना सांगितलं की मी हंबरडा फोडणार नाही. त्यांनी विचारलं, "मग करणार काय तिथे?" मी म्हटलं, "डबा घासीन." सर म्हणाले, "अगं, लोक हंबरड्यासाठी येतात. ते उठून जातील." माझा हंबरडा साऱ्या चाळीने ऐकला हे कळल्यावर त्यांनी बाहेरची बाई बघितली नव्हती, आणि आता आणायला वेळ नव्हता, हेच काय ते माझ्या बाजूने होतं. त्यांनी दोन वेळा ते करून घेतलं आणि बस पकडायला निघून गेले. मी रात्रभर जागी होते. मी आईचं सगळ्यात मोठं दुःख चोरून लोकांना दाखवणार होते, आणि तेही वाईट दाखवलं तर? आणि उद्या बाबांना काही झालं तर हा डबा घासल्याचं मी जन्मभर काय करणार होते?

रविवारी दुपारी परळच्या हॉलमध्ये प्रयोग. आई येणार नव्हती. तिसऱ्या अंकाआधी विंगेतून डोकावले तर ती शेवटच्या रांगेत घरत काकूंशेजारी बसलेली, मांडीवर बाबांचा डबा. अंक सुरू झाला. बातमी घेऊन येणारा नट आला, बोलला. मी मोरीपाशी बसले आणि घासायला लागले. हॉल गप्प झाला. पहिला पुडा. दुसरा. आता मागे कुजबुज सुरू झाली. कोणीतरी अंधारातून म्हणालं, "बाई, रडा की." कोणीतरी हसलं. आपण कमी पडतोय, लोकांना काही कळत नाहीये, असं वाटलं, आणि मी हात थांबवला. मान वर करून प्रेक्षकांकडे पाहिलं. डोळे आपोआप भरून आले. आणि टाळ्या पडल्या. कडाडून पडल्या, पडदा सुटेपर्यंत पडत राहिल्या. वैद्य सरांनी विंगेत माझ्या पाठीवर थाप मारली.

मी रंग पुसत होते तेव्हा आई आत आली. मी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. मागे काकू म्हणत होत्या, "केवढ्या टाळ्या पडल्या गं पोरीला." आई माझ्या समोर टेकली. रागावली नव्हती. तिचा चेहरा एखादा पदार्थ चाखून बघताना व्हायचा तसा झाला होता.

"मी अशीच बसललंय?" तिने विचारलं.

मी मान डोलावली.

"मगे हात कित्याक थांबवलंस?"

लोक हसले म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटले.

"माझो हात थांबाक नाय होतो गो," आई म्हणाली. "हात थांबलो असतो तर मी थंयच पडलंय असतंय."

पुढे मोठमोठ्या माणसांकडे शिकले, शिबिरं केली, पुस्तकं वाचली. त्यांनी सांगितलेलं बरंचसं विसरले. माणूस दुःख दाखवत नसतो, त्याच्याखाली चिरडून जाऊ नये म्हणून काहीतरी करत असतो, हे मला त्या दिवशी रंगाच्या डब्यांमध्ये बसून समजलं, आणि अजूनही दर वेळी जमेलच असं नाही. टाळ्या येतील तिथे हात सोडून द्यायचा मोह होतोच.

तिथून आम्ही तशाच इस्पितळात गेलो. माझ्या कानांमागे रंग राहिला होता. दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनमधून बाबा उठले आणि पुढे नातवंडं खेळवण्याइतके जगले, पण त्या संध्याकाळी हे आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. ते फार थकलेले दिसत होते. आईने डबा उघडला, पेज वाटीत ओतली आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तो घेतला नाही. आधी विचारलं, "आता हिका परत नाटकात धाडूचा काय नाय?"

आईने चमचा तसाच धरून ठेवला.

"धाडूकच व्हया," ती म्हणाली. "अर्ध्यावर हात सोडता."